आमच्या चर्चमधली नवी माणसं आणि माझी स्पॉन्सरगिरी

नव्याने कॅथलिक होणाऱ्या मोठ्या माणसाला सोबत करायची, म्हणजे स्पॉन्सर, होशील का असं फादरनी विचारलं तेव्हा मी आधी वार विचारला. मंगळवार, संध्याकाळी साडेसात, चर्चच्या मागचा हॉल, सप्टेंबरपासून ते ईस्टरच्याही पुढे. मंगळवार मला मोकळा होता आणि फादरना तोंडावर नाही म्हणणं आम्हा वसईच्या बायकांना जमत नाही, म्हटलं चला. काम काय असतं ते तेव्हा नीट माहीत नव्हतं, कारण मी जन्माचीच कॅथलिक, माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी मी गाढ झोपले होते असं आई सांगते, त्यामुळे मोठेपणी ठरवून कॅथलिक व्हायचं म्हणजे माणूस नेमकं काय काय करतो हे मी कधी जवळून बघितलंच नव्हतं.

आम्ही राहतो हर्टफर्डशायरमध्ये, लंडनच्या उत्तरेला. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या भागातल्या लोकांत, जुने आयरिश, मग पोलिश, फिलिपिनो नर्सेस, केरळवाले, गोवेकर, नायजेरियन आणि वसईची आमची दोन-तीन घरं. इंग्रज कॅथलिक शोधावा लागतो, आणि जे सापडतात त्यातले बरेचसे कधी ना कधी बाहेरून आलेले. आमचे दुसरे फादर तर आधी अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, धर्मगुरू होते, १९९२ ला त्या चर्चने बायकांना धर्मगुरूची दीक्षा द्यायचं ठरवल्यावर जे बरेच जण इकडे आले त्यांच्यातले, म्हणजे लग्न झालेले, मुलंबाळं असलेले, रोमची परवानगी घेऊन कॅथलिक धर्मगुरू झालेले. आई इथे आली होती तेव्हा मिस्सानंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, मी एका बाईंशी ओळख करून दिली, या फादरच्या मिसेस. आई त्यांच्याशी हसून बोलली, घरी येईपर्यंत गप्प, आणि मग चप्पल काढता काढता "अगं, फादरची मिसेस म्हणजे काय?" पुढे आठवडाभर गावाला फोनवर हीच बातमी.

मोठ्या माणसांना चर्चमध्ये घ्यायचा जो विधी आहे त्याला इथे सगळे आरसीआयए म्हणतात, राइट ऑफ ख्रिश्चन इनिशिएशन ऑफ अडल्ट्स. नवीन वाटतो पण आहे जुना, पहिल्या काही शतकांत असाच टप्प्याटप्प्याने चालायचा, पुढे लहान मुलांचेच बाप्तिस्मे व्हायला लागले आणि तो मागे पडला, मग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, परत आणायला सांगितलं आणि १९७२ ला रोमहून नवीन विधी निघाला. मधल्या काळात कोणाला कॅथलिक व्हायचं असलं तर फादरकडे खासगी शिकवणी आणि मग एखाद्या दिवशी चार माणसांत बाप्तिस्मा. आता ठरलेले टप्पे रविवारच्या मिस्सात, सगळ्या पॅरिशसमोर. लोकांना आधी हे आवडलं नव्हतं म्हणे, मिस्सा लांबते, चिकन ओव्हनमध्ये आहे वगैरे.

आमच्या ग्रुपमध्ये एक रिटायर्ड अँग्लिकन शिक्षिका, एक विशी-बाविशीतला पोरगा जो यूट्यूबवरून लॅटिन शिकून आला होता, एक मधल्या वयाचा गृहस्थ ज्याची बायको कॅथलिक, आणि मला दिलेली मुलगी. तिचं नाव लिहीत नाही. तिशीच्या आतली, ऑफिसात नोकरी, घरात देवाधर्माचं काही नाही, बाप्तिस्माही झालेला नाही. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसजवळच्या चर्चमध्ये नुसती शांत बसायला जायची, तिथून सुरुवात. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले कुठल्या कल्टमध्ये सापडलीस.

मला वाटलं होतं स्पॉन्सर म्हणजे तिच्याबरोबर बसायचं, चहा प्यायचा, धीर द्यायचा. ती प्रश्न विचारायला लागली ना! धर्मशिकवणीचे प्रश्न फादर घ्यायचे, माझ्याकडे यायचे ते डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टींचे. पवित्र पाण्यात बोट बुडवता ते आत येताना, मग बाहेर जाताना पण का? छातीवर मूठ कधी आपटायची? आणि एकदा म्हणाली, क्रुसाची खूण केल्यावर तू शेवटी बोटं ओठांना लावतेस, आयरिश आज्या लावत नाहीत, ते का? मी बघतच राहिले. मला आपण असं करतो हेच माहीत नव्हतं. आईला व्हॉट्सॅपवर विचारलं तर तिचं उत्तर, "आपली आजी करायची." मग आमच्या गोवेकर शेजाऱ्यांकडे बघितलं, तेही करतात, फिलिपिनो पण करतात, म्हणजे पोर्तुगीज-स्पॅनिश जिथे जिथे गेले तिथली ही सवय. वसई पोर्तुगीजांकडे १५३४ ते १७३९, चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, ते गेले, आणि त्यांचं हे बोटं चुंबणं आमच्या हाताला तसंच चिकटून राहिलं. हे सगळं मी तिला सांगितलं तेव्हा ती सहज म्हणाली, म्हणजे तुम्ही पण कन्व्हर्टच की, फक्त जुने.

आता हे काही मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे लग्नात हळद लागते, जात्यावरची जुनी गाणी म्हणतात, जातीची आठवण तर विचारूच नका. पण आपले खापरपणजोबा कधीतरी अशा एखाद्या बाकावर नवीन म्हणून बसले असतील असा विचार मी खरंच केला नव्हता. फादर थॉमस स्टीफन्सची गोष्ट मी तिला सांगितली, इंग्लंडातून निघाला, जेझुइट नावाच्या धर्मसंघात गेला, १५७९ ला गोव्यात आला, आणि नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली आणि त्यांच्या जागी ऐकायला-गायला काही नाही म्हणून मराठीत ओव्यांचं अख्खं ख्रिस्तपुराण लिहून बसला, १६१६ ला गोव्यातल्याच रायतूरला छापलं. मागणी नव्या माणसांची होती, जुन्यांना असलं काही सुचायचं कारणच नाही. विल्टशायरचा आहे म्हटल्यावर तिने लगेच फोनवर नकाशा काढला.

पहिला विधी स्वीकाराचा. चर्चच्या दारात उभं राहायचं, फादर विचारतात काय हवंय, आणि मग स्पॉन्सरने त्या माणसाच्या अंगावर क्रूस काढायचा, कपाळावर, कानांवर, डोळ्यांवर, ओठांवर, छातीवर, खांद्यांवर, हातांवर, आणि शेवटी पायांवर. कपाळापासून हातांपर्यंत ठीक चाललं. पायांसाठी मला फरशीवर गुडघे टेकावे लागले, बाहेर पाऊस होता, तिचे पांढरे स्पोर्ट्स शूज चिखलाने ओले, लेसमध्ये एक पान अडकलेलं, त्यावर मी अंगठ्याने क्रूस काढला आणि वर बघितलं तर ती रडत होती, आणि तिच्या मागे पहिल्या बाकावरची एक आयरिश आजीसुद्धा. जन्मभर दर रविवारी येणाऱ्या त्या आजींनी नंतर मला विचारलं, माझ्या पायांवर कोणी काढला असेल का गं असा क्रूस? बाळांच्या बाप्तिस्म्यात फक्त कपाळावर काढतात, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग राहिलाच की.

त्यानंतर दर रविवारी प्रवचन झालं की बाप्तिस्मा न झालेले उठून बाहेर जायचे, हॉलमध्ये बसून त्या दिवसाच्या वाचनावर बोलायला. आपण आत राहणार, ते बाहेर. मी आतच असायचे कारण बरोबर दुसरी बाई जायची. आपण ज्यासाठी बसलोय त्यासाठी हे लोक महिनोन् महिने थांबलेत हे दर रविवारी डोळ्यांसमोरून चालत जातं, आणि मग ख्रिस्तशरीर, म्हणजे कम्युनियनची भाकर, घ्यायला उठताना घड्याळ बघायची जरा लाज वाटते. शुक्रवारचंही तसंच. इंग्लंड-वेल्सच्या बिशपांनी २०११ च्या सप्टेंबरपासून शुक्रवारी मांस न खाण्याचा नियम परत आणला, आमच्यातल्या निम्म्यांना ते आठवतही नसेल, आणि ही मुलगी ऑफिसच्या पार्टीत पेपरोनी बाजूला काढून ठेवते आणि मला मेसेज करते की त्याचा रस चीजला लागलाय तर चालेल का. मी लिहिलं, खा.

ईस्टरच्या आधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या सुरुवातीला विधीच्या पुढच्या टप्प्यासाठी वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलला गेलो. आमचा धर्मप्रांत तोच. प्रत्येक पॅरिशमधून अशी माणसं आलेली, शेकडो, कॅथीड्रल गच्च, मागे उभी राहिलेली माणसं. हल्ली हे आकडे वाढतायत असं फादर सांगत होते, फ्रान्समध्ये तर २०२५ च्या ईस्टरला १०,३८४ मोठ्या माणसांचे बाप्तिस्मे झाले, आदल्या वर्षापेक्षा ४५ टक्के जास्त, आणि त्यात तरुण पोरं खूप. मी वर बघत होते. छताचे घुमट काळेकुट्ट आहेत, मोझेक लावायचं राहिलंय ते राहिलंच. त्या अँग्लिकन शिक्षिका माझ्या शेजारी, त्या कानात सांगत होत्या की ही जागा घेतली कार्डिनल मॅनिंगने, तो कन्व्हर्ट, इमारत बांधली बेंटलीने, तो कन्व्हर्ट, आणि न्यूमन, जो १८४५ ला कॅथलिक झाला आणि ज्याला २०१९ ला संत केलं, तो तर सगळ्यात मोठा. आमचे आयरिश लोक प्रत्येक मयताला छाती फुगवून फेथ ऑफ अवर फादर्स, म्हणजे आमच्या वाडवडिलांची श्रद्धा, हे गाणं म्हणतात ना, ते फेबर नावाच्या कन्व्हर्टने लिहिलेलं, आणि फेबरचे वाडवडील अँग्लिकन! हे त्यांनी मुद्दाम परत येताना बसमध्ये मोठ्याने सांगितलं. आमचे दोन आयरिश काका खिडकीबाहेर बघत बसले.

तर कन्व्हर्टांचा परिणाम म्हटला की लोक हेच बोलतात, की त्यांना जास्त माहिती असते, ते जास्त कडक असतात, सगळी कडवी गातात. कडव्यांचं खरं आहे. कॅथलिक दोन कडव्यांत गाणं संपवतात, अँग्लिकन पाचही म्हणतात, त्या शिक्षिका क्वायरमध्ये आल्यापासून मिस्सा लांबलीय. कडकपणाचं पण खरं आहे. तो लॅटिनवाला पोरगा, त्याला सगळंच चुकीचं दिसायचं, हातावर ख्रिस्तशरीर घेता हे चुकीचं, गिटार चुकीची, आणि जानेवारीत फिलिपिनो लोक बाळ येशूची मूर्ती घेऊन मिरवणूक काढतात, नाचतात, ते तर त्याला भलतंच वाटलं, तिथल्या तिथे एका आंटीला सांगायला गेला की हे लिटर्जीत, म्हणजे चर्चच्या ठरलेल्या उपासनेत, बसत नाही. आंटीने त्याच्या हातात नूडल्सची प्लेट दिली आणि म्हणाली, आधी खा, तू सकाळपासून उपाशी दिसतोस. मला तो पोरगा मनापासून आवडतो, पण पुस्तकात वाचलेला धर्म आणि बाकावर भेटलेला धर्म यात त्याला अजून समेट घालता येत नाही, आणि इंटरनेटवर त्याला तसं शिकवणारे भरपूर आहेत. पण त्याच्यामुळे शनिवारची पापनिवेदनाची रांग वाढली हेही खरं. एक तरुण पोरगा दर आठवड्याला उभा दिसतो म्हटल्यावर बाकीच्या पोरांनाही तिथे उभं राहायला संकोच वाटेनासा झाला.

सगळ्यात जास्त फरक मात्र ज्याने काहीच केलं नाही त्याने पडला, असं माझं मत. तो मधल्या वयाचा गृहस्थ. लहानपणी अँग्लिकन बाप्तिस्मा झालेला, त्यामुळे परत बाप्तिस्म्याचा प्रश्न नाही, नुसतं स्वीकारायचं. पण त्याचं पहिलं लग्न रजिस्टर ऑफिसात, घटस्फोट, मग आताचं लग्न. चर्चच्या कायद्याने दोन नॉन-कॅथलिकांचं रजिस्टर लग्नही लग्नच धरतात, म्हणजे पहिलं वैध होतं का नव्हतं ते ट्रिब्युनलने, म्हणजे चर्चच्या कोर्टाने, तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही, साक्षीदारांनी लिहून द्यायचं, पहिल्या बायकोलाही कळवायचं, आणि याला वेळ लागतोच. बाकीचे ईस्टरला पुढे गेले, तो थांबला. दर रविवारी ख्रिस्तशरीराच्या रांगेत येतो, हात छातीवर आडवे ठेवतो, आशीर्वाद घेतो, परत जागेवर. कोणाला काही बोलला नाही. पण सगळ्यांना दिसतं ना. आमच्यातली एक जन्मजात कॅथलिक बाई, दुसऱ्या लग्नानंतर कित्येक वर्षं मागच्या बाकावरून कधी उठलीच नव्हती, ती एका रविवारी त्याच्या मागोमाग तशीच हात आडवे ठेवून पुढे आली आणि मिस्सानंतर फादरना विचारलं की माझी पण फाईल काढता येईल का. कोणाच्या प्रवचनाने हे झालं नव्हतं.

प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी स्क्रुटिनी, म्हणजे मन शुद्ध करायच्या प्रार्थना, योहानाच्या शुभवर्तमानातली ती लांबलचक वाचनं, विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि लाझरस. फादर त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करतात तिला एक्सॉर्सिझमच म्हणतात, हा शब्द ऐकून तिच्या आईने घाबरून मला फोन केला, मी म्हटलं घाबरू नका, कोणाची मान फिरत नाही, नुसती प्रार्थना असते. तेवढ्यावरून आमची ओळख झाली आणि त्या ईस्टरच्या जागरणाला यायला तयार झाल्या. वडील आले नाहीत.

त्या रात्री बाहेर अंगणात बार्बेक्यूच्या लोखंडी ट्रेमध्ये शेकोटी पेटवली, वारा असा की मोठी मेणबत्ती दोनदा विझली. मग अंधारात आत, वाचनांवर वाचनं, संतांची नावं, आणि मग बाप्तिस्मा. फादरनी घागरीसारख्या मोठ्या जगने तीन वेळा डोक्यावर पाणी ओतलं, पाणी थंडगार, ती चक्क "हुऽऽ" करून ओरडली आणि चर्च हसलं. मग पांढरा झगा, मेणबत्ती, कपाळाला क्रिझमाचं तेल, त्याचा वास माझ्या हाताला दुसऱ्या दिवशीपर्यंत होता. बाप्तिस्म्यानंतरच्या दृढीकरणाच्या संस्कारासाठी तिने बखिता नाव घेतलं, सुदानची, गुलामीतून सुटून १८९० ला बाप्तिस्मा घेतलेली संत. आणि क्रुसाची खूण करून हिने बोटं ओठांना लावली! इंग्रज मुलगी, वसईची सवय. मी बोलले काहीच नाही, पण आईला तो व्हिडिओ पाठवला.

माझ्या डोक्यात खरी गोष्ट शिरली ती त्याच्यानंतर. मिस्सा संपली, सगळे हॅपी ईस्टर करत आपापल्या घोळक्यात. केरळवाले केरळवाल्यांत, पोलिश पोलिशांत, आम्ही आमच्यात, कारण आम्हाला चर्चमध्ये जायचं म्हणजे निम्म्या वेळा नातेवाइकांनाच भेटायचं असतं. आणि ही पांढऱ्या झग्यात, ओल्या केसांनी उभी, शेजारी कोट न काढलेली आई. तिचं इथे कोणीच नाही. मावशी नाही, चुलत भाऊ नाही, कोणाच्या पहिल्या ख्रिस्तशरीराचा फोटो भिंतीवर नाही. आपल्याला चर्चने सांभाळलं असं आपण म्हणतो, पण आपल्याला सांभाळलेलं असतं आपल्या माणसांनी, चर्चला ते आयतं मिळतं. कन्व्हर्ट एकटा येतो. त्याला धर्म कळतो, पटतो, पण रविवारी दुपारी जेवायला कोणाकडे जायचं हे शिकवणीत नसतं. म्हणून ईस्टरनंतर मंगळवार बंद झाले की त्यातले काही हळूहळू दिसेनासे होतात, आणि मग आपण म्हणतो बघा, टिकले नाहीत. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशीच्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत नव्या लोकांना बरोबर घेऊन चालायचं असा विधीतच टप्पा आहे, तो आमच्याकडे कागदावरच होता.

हे मी फादरना बोलले, जरा जोरातच बोलले. फादर म्हणाले मग तूच सुरू कर. त्यांची ही पद्धत आहे. तर मी, ती आयरिश आजी आणि नूडल्सवाली आंटी अशा तिघींनी एक यादी केली, नव्या प्रत्येकाला महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जेवण, आणि नियम एकच, आपल्या देशाच्या माणसांनी एकत्र बसायचं नाही. माझ्या पाळीला मी आगाशीचं भुजिंग, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं चिकन आणि पोहे, करायला गेले, इथे निखारे कुठले, ग्रिलवर केलं, पोहे जरा गचके झाले, पण भांडं रिकामं गेलं. लॅटिनवाला पोरगा तीनदा वाढून घेऊन गेला. तो आता आयरिश आजीला दर गुरुवारी शॉपिंगला घेऊन जातो, तिला त्याचं लॅटिन आवडतं, तिच्या लहानपणीच्या मिस्सांचं आहे ना. जानेवारीत बाळ येशूच्या मूर्तीची एक बाजू त्याच्या खांद्यावर होती. नाचला नाही, पण होता. आणि महिन्यातल्या एका रविवारी लॅटिन मिस्सा गाऊन म्हणायची असं ठरलंय, त्यात सगळ्यात भारी गातात फिलिपिनो, हे त्याला अजून पचलेलं नाही.

ट्रिब्युनलचा कागद अजून आलेला नाही. ते गृहस्थ आता हॉलच्या किचनच्या चाव्या सांभाळतात. नवीन ग्रुप सप्टेंबरमध्ये सुरू झाला, यावेळी माझ्या त्या मुलीलाच फादरनी स्पॉन्सर म्हणून नेमलंय, तिला मिळालेली बाई घानाची आहे, मेथडिस्ट, आणि पहिल्याच मंगळवारी तिने विचारलं की मेलेल्यांसाठी प्रार्थना कशाला, त्यांचा निकाल तर लागलेला असतो. मी चहा ओतत होते, मला वाटलं ही आता माझ्याकडे बघणार. बघितलं नाही. ती म्हणाली, थांब, आधी मला सांग, तुमच्याकडे आजी गेल्यावर काय करतात? आणि मग ती घानाची बाई जे सुरू झाली ते पावणेदहाला हॉल बंद करायला आलेल्या गृहस्थांनी दिवे घालवून बघितले तरी थांबेना.